कर्जतचा आग्रा आणि पडद्यावरचा अकबर

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने चौक गाव आले की कर्जतकडे एक फाटा जातो. या फाट्यावर, इर्शाळगडाच्या पायथ्यापासून फार दूर नव्हे अशा जागी, कला-दिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली आपला स्टुडिओ उभारला. चित्रपटांच्या बातम्यांत त्याचा पत्ता नेहमी 'कर्जत' असा छापला जातो. सरकारी दप्तरात मात्र ही जमीन खालापूर तालुक्यातली. भाताची खाचरे, आंब्याची झाडे, पावसाळ्यात डोंगरावरून उतरणारे पाण्याचे ओघळ, आणि मध्येच लाल दगडाचा भास देणाऱ्या बुरुजांचा आग्र्याचा किल्ला! हाताने ठोकून पाहिले की दगडाचा आवाज येत नाही, प्लास्टरचा येतो. पण कॅमेऱ्याला हात नसतात. आशुतोष गोवारीकर यांच्या 'जोधा अकबर' या चित्रपटातला बराचसा आग्रा हा असा आपल्या रायगड जिल्ह्यातला आहे.

१५ फेब्रुवारी २००८ रोजी हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्या वेळी जी चर्चा झाली ती जवळजवळ सगळी एकाच मुद्द्याभोवती फिरली: अकबराला जोधा नावाची राणी होती काय? राजपूत संघटनांनी आक्षेप घेतला, राजस्थानात चित्रपटगृहांनी तो लावला नाही, काही राज्यांनी बंदी घातली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. या गदारोळात दुसरा एक प्रश्न राहून गेला, आणि तो मला अधिक जवळचा वाटतो. लढाया, बंडे आणि जनानखान्यातली कारस्थाने यांच्या मधोमध एका मुसलमान बादशहाची आणि हिंदू राजकन्येची प्रेमकथा मांडताना या चित्रपटाने मुसलमान कसा उभा केला? आणि तो पाहून कर्जत, नेरळ, खोपोलीकडच्या मराठी बोलणाऱ्या मुसलमान प्रेक्षकाच्या पदरात नेमके काय पडले?

आधी कथेकडे पाहू. पानिपतच्या दुसऱ्या लढाईने, म्हणजे ५ नोव्हेंबर १५५६ च्या हेमूविरुद्धच्या युद्धाने पडदा उघडतो. पोरसवदा जलालुद्दीन आणि त्याचा पालक बैरामखान. पुढे जलालुद्दीन मोठा होतो, बैरामखानाला बाजूला करतो. आमेरच्या राजा भारमलाच्या मागे शत्रू लागलेले, घरात वारसाहक्काचा तंटा. तो आपली कन्या बादशहाला देऊ करतो. जोधा दोन अटी घालते: आपला धर्म बदलला जाणार नाही आणि महालात देवघर असेल. बादशहा भर छावणीत, सगळ्यांच्या देखत या अटी मान्य करतो. लग्नानंतर तो तिच्या मनाची वाट पाहतो. मग दूध-आई माहम अंगाचे डाव, चुलतभाऊ सुजामलला जोधाने लिहिलेल्या पत्राचे निमित्त, गैरसमज, माहेरी पाठवणी, बादशहाचे आमेरला जाणे, तलवारीच्या सरावातला तो प्रसिद्ध प्रसंग, यात्रेकरूंवरच्या कराची माफी, शरीफुद्दीनचे बंड आणि अखेरचे द्वंद्व. साडेतीन तासांहून अधिक लांबीचा हा ऐवज आहे. उत्तरार्धात तो रेंगाळतो, यात शंका नाही. हत्तीला काबूत आणण्याच्या प्रसंगासारखे काही तुकडे केवळ नायकाच्या रुबाबासाठी घातलेले दिसतात.

कथा हैदर अली यांची आहे. पटकथेतही गोवारीकरांबरोबर त्यांचे नाव आहे. 'नुक्कड' या दूरदर्शन मालिकेमुळे आपल्या पिढीला त्यांचा चेहरा ठाऊक आहे. त्यांची आई प्रमिला, मूळची एस्थर अब्राहम, कलकत्त्याच्या बगदादी ज्यू घरातली, १९४७ सालची पहिली 'मिस इंडिया'. वडील कुमार, म्हणजे सय्यद हसन अली, जुन्या काळचे नट. के. आसिफ यांच्या 'मुघल-ए-आझम'मध्ये (१९६०) बादशहाच्या तोंडावर सत्य बोलणारा संगतराश त्यांनीच रंगवला होता. दोन धर्मांच्या घरात वाढलेल्या, आणि 'मुघल-ए-आझम'च्या संगतराशाच्या मुलाने अकबराच्या संसाराची गोष्ट लिहावी, यात योगायोगापेक्षा काही अधिक शोधणे बरे नव्हे. तरी जोधाच्या दोन अटींचा प्रसंग लिहिणाऱ्याला 'घरात दोन श्रद्धा' या गोष्टीची पुस्तकी नव्हे, रोजची माहिती असावी असे तो पाहताना वाटत राहते. 'मुघल-ए-आझम'मध्ये जोधाबाई साकारली ती आपल्या दुर्गा खोटे यांनी. तिथे ती पती आणि पुत्र यांच्यामध्ये चिरडलेली आई आहे. अकबर तिथे बाप आणि सत्ता. अकबराला नवरा म्हणून, तोही अवघ्या विशीतला, पाहण्याचे धाडस २००८ च्या चित्रपटाने केले. याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

आता इतिहास. चित्रपटात सुजामल हा निव्वळ कल्पनेतला वाटतो, पण तो तसा नाही. अबुल फजलच्या 'अकबरनामा'त सुजा येतो, भारमलाचा थोरला भाऊ पूरणमल याचा मुलगा. अजमेर-नागौरकडचा मुघल सरदार मिर्झा शरफुद्दीन हुसेन याने या सुजाचा पक्ष घेऊन भारमलाला पिळून काढले, खंडणी ठरवली, त्याचा मुलगा आणि पुतणे ओलीस धरले. भारमलाला डोंगरात आश्रय घ्यावा लागण्याची पाळी आली होती. अशा वेळी १५६२ च्या आरंभी अकबर ख्वाजा मोइनुद्दीन चिश्ती यांच्या ज़ियारतीसाठी अजमेरला निघाला. वाटेत सांगानेरला भारमल त्याला भेटला. परतीच्या वाटेवर सांभरला लग्न झाले आणि ओलीस ठेवलेली मुले सुटली. म्हणजे ज्या लग्नाची गोष्ट पडद्यावर 'प्रेमातून सलोखा' अशी सांगितली जाते, ते लग्न एका गांजलेल्या लहान राजाने आपल्याच मुलखातल्या मुघल अधिकाऱ्यापासून वाचण्यासाठी थेट वरच्या दरबारात घातलेली धाव होती. मुलीला काय वाटले, याची नोंद एकाही फारसी ग्रंथात नाही. चित्रपट नेमका या मोकळ्या जागेत शिरतो.

आणि तिथे तो चांगला शिरतो. सत्तेच्या सौद्यात दिली गेलेली मुलगी अटी घालते. जिंकलेला पुरुष थांबतो. राणीच्या होकाराशिवाय तिच्या दालनात पाऊल न टाकणारा बादशहा हा इतिहास आहे काय, हे विचारणे व्यर्थ आहे. ती दिग्दर्शकाची इच्छा आहे. हिंदी पडद्यावर मुसलमान पुरुष अनेक वर्षे एक तर कव्वाल, नाही तर रहीमचाचा, नाही तर नव्वदीनंतर हातात बंदूक घेतलेला. ज्याच्याकडे स्त्री जबरदस्तीने आली, पण ज्याने जबरदस्ती केली नाही, असा तरुण, देखणा, थोडा अवघडलेला मुसलमान नवरा लाखो प्रेक्षकांनी टाळ्या वाजवत पाहिला. आपल्यापैकी अनेकांना तेव्हा बरे वाटले, आणि ते बरे वाटणे खोटे नव्हते. २००२ नंतरची ती वर्षे होती, हे विसरून चालणार नाही.

पण या चांगुलपणाची किंमत कोणी मोजली, ते पाहा. अकबर चांगला दिसावा म्हणून त्याच्या भोवतालचा जवळजवळ प्रत्येक मुसलमान वाईट, उतावीळ किंवा कोता दाखवला आहे. हेमूचे मस्तक उडवणारा बैरामखान क्रूर. (या घटनेबद्दल फारसी साधनांतच एकमत नाही, कोणी बैरामचे नाव घेतो, कोणी अकबराचे. चित्रपटाने सोयीचे ते घेतले.) दरबारातले उलेमा सतत कपाळाला आठ्या घालून बसलेले. शरीफुद्दीन तर जन्मजात खलनायक. जलालुद्दीन जसजसा या सगळ्यांपासून दूर सरकत जातो, तसतसा तो 'महान' होत जातो. आपलेपणाचा दाखला मिळवायचा तर आधी आपल्या माणसांकडे पाठ फिरवावी लागते, असा याचा न बोललेला अर्थ निघतो. गोवारीकरांच्या मनात तो नसेलही. 'लगान' आणि 'स्वदेस' पाहिलेल्या कोणालाही त्यांच्या हेतूबद्दल शंका येणार नाही. पण हेतू शुद्ध असला तरी पात्रांची विभागणी चुकू शकते.

बैरामखानाचेच घ्या. हुमायूनच्या पडत्या काळात ज्याने साथ सोडली नाही, तेरा वर्षांच्या पोराला ज्याने तख्तावर टिकवले, तो हा माणूस. १५६० मध्ये सत्तेवरून दूर झाला आणि हजच्या वाटेवर गुजरातेत पाटण येथे १५६१ साली मारला गेला. त्याचा लहानगा मुलगा अकबराने आपल्या छत्राखाली वाढवला. तोच पुढे अब्दुर्रहीम खानखाना, ज्याचे दोहे आजही उत्तरेत मुलांना शिकवले जातात, आणि जो दख्खनेत मलिक अंबरविरुद्ध लढला. एवढ्या नाट्याचा माणूस चित्रपटात केवळ 'सूड आणि संहार' या दोन सुरांत संपतो.

माहम अंगाबद्दल तर मला अधिक हळहळ वाटते. इला अरुण यांनी भूमिका जोरकस केली आहे, परंतु पात्र दूरदर्शन मालिकेतल्या कजाग सासूच्या पलीकडे जात नाही. दिल्लीत पुराना किल्ल्यासमोर 'खैरुल मनाझिल' नावाची मशीद आणि मदरसा आज उभा आहे, तो या बाईने बांधला. सोळाव्या शतकात मदरसा बांधणारी स्त्री! मे १५६२ मध्ये तिचा मुलगा आधमखान याने अतगाखानाचा खून केला, अकबराने आधमखानाला गच्चीवरून दोनदा खाली फेकायला लावले, आणि मुलामागे जेमतेम चाळीस दिवसांत ती गेली. मेहरौलीला मायलेक एकाच मकबऱ्यात आहेत आणि तो मकबरा अकबरानेच बांधवला. दोनदा फेकण्याचा प्रसंग चित्रपटात आहे, आणि तो उत्तम चित्रित झाला आहे. तिथे नायकाचा राग पाहून क्षणभर आपण घाबरतो. पण ज्या मुलाने बापाच्या जागी असलेल्या माणसाला मारणाऱ्या दूधभावाला मारले, त्याने दूध-आईच्या डोळ्यांत कसे पाहिले असेल, या प्रश्नापाशी चित्रपट थांबत नाही. त्याला लगेच जोधाकडे परतायचे असते. पुढे जानेवारी १५६४ मध्ये दिल्लीत, माहम अंगाच्या या मदरशापाशीच, शरफुद्दीनच्या फुलाद नावाच्या गुलामाने अकबरावर बाण सोडला. चित्रपटातही बाण येतो, नायक जखमी होतो, नायिका सेवा करते. मदरसा मात्र गाळला गेला. इतिहासाने तयार करून ठेवलेले नाट्य असे हातचे सुटावे, याचे वाईट वाटते.

जोधा या नावाचा वाद आता थोडक्यात. अकबराच्या काळातले ग्रंथ भारमलाच्या कन्येचे नाव देत नाहीत. तिचा किताब मरियम-उझ-झमानी. 'जोधाबाई' हे नाव जोधपूरशी जोडलेले, आणि ते जहांगीरची राणी जगत गोसाईं हिला अधिक लागू पडते. ती जोधपूरच्या मोटा राजा उदयसिंहाची मुलगी आणि शहाजहानची आई. एकोणिसाव्या शतकात कर्नल टॉडच्या राजस्थानविषयक ग्रंथानंतर हा घोटाळा पसरला असे मानले जाते. चित्रपटाच्या आरंभीच नावाबद्दलची सूचना दिलेली आहे. तेव्हा नावावरून दगड मारणाऱ्यांचा राग खरे तर नावावर नव्हता, लग्नावर होता.

मला खटकते ते निराळेच. पडद्यावरची जोधा लग्नाच्या दिवशी जशी असते तशीच अखेरपर्यंत राहते. बदलतो तो अकबर. ती भजन म्हणते (बेला शेंडे यांचा आवाज त्या भजनाला लाभला आहे, आणि ते ऐकून दरबार सोडून उठणारा बादशहा पटतो), ती स्वयंपाक करते, ती तलवारही चालवते. पण आग्र्याच्या जगातून ती काहीही घेत नाही. प्रत्यक्षातली मरियम-उझ-झमानी हिचे आयुष्य याहून कितीतरी धीट होते. १५६९ साली सीकरीला तिने सलीमला जन्म दिला. मुलाच्या कारकिर्दीत ती परदेशी व्यापार करणारी मोठी मालकीण होती, तिच्या शिक्क्याने हुकूम निघत. तिचे 'रहीमी' नावाचे जहाज सुरतेहून तांबड्या समुद्राकडे जाई आणि त्यातून हाजी जात. १६१३ मध्ये पोर्तुगिजांनी ते जहाज पकडले, तेव्हा जहांगीर इतका संतापला की पोर्तुगिजांच्या विरोधात थेट पावले उचलली गेली. लाहोरला तिच्या नावाची मशीद आहे. आमेरच्या देवघरातून आलेली बाई, आणि तिच्या जहाजातून हाजी मक्केच्या वाटेला लागतात! दोन श्रद्धांच्या देवाणघेवाणीची याहून बोलकी गोष्ट कोणत्या पटकथाकाराला सुचली असती? चित्रपटाचा काळ १५६४ च्या आसपास संपतो, म्हणून हे सारे त्यात येणे शक्य नव्हते, हे मान्य. तथापि या बाईची बीजे नायिकेत दिसायला हवी होती. हिंदी चित्रपटाला एकत्र येणे मान्य आहे, मिसळणे मान्य नाही. दोघांनी शेजारी उभे राहावे, आपापले ताट वेगळे ठेवावे.

हेच भाषेत झाले आहे. के. पी. सक्सेना यांचे संवाद कानाला गोड आहेत. पण आग्र्याची माणसे जड उर्दू बोलतात आणि आमेरची माणसे संस्कृतप्रचुर हिंदी. सोळाव्या शतकात या दोन्ही भाषा या रूपात नव्हत्या. अकबराच्या दरबाराची भाषा फारसी, घराण्याची जुनी बोली तुर्की. त्याच्या आजोबाने, बाबराने, आपल्या आठवणी तुर्कीत लिहिल्या. संवाद आजच्या प्रेक्षकाला कळायला हवेत हे कबूल, तरी भाषेची ही धर्मवार वाटणी विसाव्या शतकातली आहे. ज्या खालापूर-कर्जतच्या मातीवर हे संवाद बोलले गेले, तिथल्या मुसलमानाची घरची बोली कोकणी, बाजारातली आणि तलाठ्याकडची भाषा मराठी. उर्दू त्याच्याकडे मदरशातून, वाझमधून आणि सिनेमातून येते. पडद्यावर 'मुसलमान बोलतो ती उर्दू' हे समीकरण इतके घट्ट आहे की आपल्याच मुलाला वाटते, आपण जरा कमी मुसलमान आहोत. स्टुडिओ आल्यावर आसपासच्या गावांतली माणसे तिथे मिळेल ते काम करू लागली. सुतारकाम, रंगकाम, पडद्यावर गर्दीत उभे राहणे. मराठीत गप्पा मारत डबा खाणारा माणूस चिलखत चढवून उभा राहतो आणि 'जहाँपनाह' म्हणतो, यातली गंमत मला त्या भव्य लढाईपेक्षा अधिक आवडते.

कव्वालीबद्दल न लिहिता पुढे जाता येत नाही. ए. आर. रहमान यांनी ख्वाजा गरीबनवाज़ यांच्यासाठी जी रचना केली, ती गेल्या काही दशकांतल्या चित्रपटसंगीतातली श्रेष्ठ रचना आहे असे माझे मत आहे. चित्रपटात ती लग्नाच्या प्रसंगी येते. दरबारात दरवेश गिरक्या घेतात आणि बादशहा उठून त्यांच्यात मिसळतो. पांढरे घेरदार झगे, उंच टोप्या: हा पेहराव तुर्कस्थानातल्या कोन्याच्या मौलवी तरीक्याचा, जलालुद्दीन रूमींच्या अनुयायांचा. चिश्ती महफिलीत असे काही नसते. तिथे हाल येतो तो मळक्या कुर्त्यातल्या माणसालाही येतो. पर्यटनाच्या चित्रपत्रिकेवर शोभेल असा सूफी उचलला गेला. तरी एक गोष्ट चित्रपटाने नकळत बरोबर पकडली आहे. अजमेरची ज़ियारत आणि सांभरचे लग्न ही एकाच प्रवासातली. ख्वाजांची याद आणि आमेरची डोली एकाच रस्त्याने आली. १५६२ चा अकबर हा पुढच्या 'दीन-ए-इलाही'च्या चर्चेतला अकबर नव्हता. तो नमाज़ी, पीरांना मानणारा, नवस बोलणारा तरुण मुसलमान होता. १५६३ मध्ये त्याने मथुरेकडे असताना यात्रेकरूंवरचा कर उठवला, १५६४ मध्ये जिझिया. हे त्याने श्रद्धा सोडून केले नाही, श्रद्धेत राहून केले. चित्रपट या निर्णयाचे श्रेय जोधाच्या एका टोचणाऱ्या वाक्याला आणि वेष पालटून केलेल्या बाजारफेरीला देतो. प्रेमकथेला तसे करावे लागते. पण मुसलमानाचे औदार्य त्याच्या आतूनही येऊ शकते, ते हिंदू बायकोनेच शिकवावे लागते असे नाही, एवढे म्हणायला हवे.

आणि याच्या उलट बाजूनेही प्रामाणिक राहायला हवे. १५६८ साली चितोड पडल्यावर अकबराने तिथे कत्तल करवली. अबुल फजलच आकडा सुमारे तीस हजारांचा देतो. विजयाच्या फतहनाम्याची भाषा जिहादची आहे. तोच अकबर, सांभरच्या लग्नानंतर सहा वर्षांनी. चित्रपट १५६४ ला थांबतो, कारण पुढे गेला असता तर नायक सांभाळता आला नसता. आपल्यातले काही जण अकबराला अगदी स्वच्छ धुऊन मिरवतात, काही जण त्याला दीनमधून बाहेर काढतात. दोघांनाही हा मधला, गुंतागुंतीचा माणूस नको असतो.

नेपथ्याविषयी सांगायचे तर नितीन देसाईंचे काम हा या चित्रपटाचा कणा आहे. '१९४२ : अ लव्ह स्टोरी' (१९९४) या चित्रपटाच्या नेपथ्याने त्यांचे नाव झाले. तीही उठावाच्या काळातली प्रेमकथा. (खरा १९४२ चा उठाव कर्जतच्या डोंगरात झाला होता: विजेचे मनोरे पाडणारे भाई कोतवाल २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर गोळीला बळी पडले. तो काळ हिमाचलच्या देवदारांत नेऊन शोधायची गरज नव्हती.) 'जोधा अकबर'मधला दिवाण-ए-आम, जाळ्या, सज्जे यांत माणसे हरवत नाहीत, किरण देवहंस यांचा कॅमेरा त्या खांबांमधून वाट काढतो, तेव्हा कारस्थान करणाऱ्यांना लपायला जागा आहे असे वाटते. जनानखान्याच्या एका दालनातून दुसऱ्या दालनापर्यंत बातमी कशी पोहोचत असेल, हे नेपथ्य पाहून कळते. फार थोड्या ऐतिहासिक चित्रपटांत भिंती अशा कामाला लावलेल्या दिसतात. याच आवारात २००८ मध्ये देसाईंनी 'राजा शिवछत्रपती' ही मालिका उभी केली. मुघल दरबार आणि मराठ्यांचा गड एका कुंपणात आले.

खालापूरला हे नवे नाही. १६६१ मध्ये शाइस्ताखानाने धाडलेला उझबेक सरदार कारतलबखान घाट उतरून कोकणात येत असताना याच तालुक्यात चावणीजवळ उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्याला कोंडला. त्या मुघल फौजेत माहूरच्या देशमुख घराण्यातली रायबागन होती, हत्यार चालवणारी मराठी बाई, आणि शरणागतीचा सल्ला तिनेच दिला असे सांगतात. पुढे १६६५ ला पुरंदरचा तह करायला आला तो मिर्झाराजा जयसिंह, भारमलाच्याच आमेर घराण्यातला. सांभरच्या लग्नाचा धागा असा शंभर वर्षांनी सह्याद्रीत येऊन पोहोचला. कोण कोणाच्या बाजूने लढले याचा हिशेब धर्मावर मांडायला गेले की पहिल्याच पानावर अडते. उंबरखिंड आपल्या अंगणात असूनही आपण तो हिशेब मांडतच राहतो.

हिशेबाचा विषय निघाला म्हणून 'पानिपत'. अकरा वर्षांनी, ६ डिसेंबर २०१९ रोजी, याच दिग्दर्शकाचा हा चित्रपट आला. नेपथ्य पुन्हा देसाईंचे, कर्जतलाच या वेळी शनिवारवाडा उभा राहिला. गीते पुन्हा जावेद अख्तर यांची. पुन्हा युद्ध, दरबारी हेवेदावे आणि मध्ये एक जोडपे: सदाशिवरावभाऊ आणि पार्वतीबाई. 'जोधा अकबर'च्या चाहत्याने अपेक्षेने जावे आणि हिरमुसून परतावे असा हा अनुभव. तिथे निदान प्रेमाला राजकारणाचा अडथळा होता. इथे प्रेम हे फक्त युद्धावर निघण्यापूर्वीचे आणि युद्धात सोबत करण्याचे निमित्त आहे. अब्दाली काजळ घातलेला, काळ्या कपड्यांतला, खर्जात बोलणारा. (आक्षेप या वेळी जाटांकडून आला, सूरजमलच्या चित्रणावरून, निर्मात्यांनी काही मिनिटे कापली.) २००८ मध्ये मुसलमान नायक करून दाखवणारा दिग्दर्शक २०१९ मध्ये बाजाराच्या वाऱ्याबरोबर वाकला, असे म्हणायचा मोह होतो. ते पूर्ण न्याय्य नाही, कारण इब्राहीमखान गारदी या चित्रपटात आहे, आणि तो आदराने आहे.

पण कितीसा आहे? विश्वास पाटील यांची 'पानिपत' (१९८८) कादंबरी वाचलेल्या मराठी वाचकाला इब्राहीमखानाची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. फ्रेंच सेनापती बुसीच्या हाताखाली तयार झालेला, निजामाकडून मराठ्यांकडे आलेला हा तोफखान्याचा आणि कवायती पायदळाचा अधिकारी. १४ जानेवारी १७६१ रोजी सकाळी त्याच्या गारद्यांनी डाव्या बगलेवर रोहिल्यांची दाणादाण उडवली. गोल करून लढायचा त्याचा आग्रह होळकरांना मान्य नव्हता. त्या मतभेदात एक अख्खे नाटक दडलेले आहे. पराभवानंतर तो जखमी अवस्थेत पकडला गेला आणि त्याला मारण्यात आले. आणि शमशेर बहादूर, मस्तानी-बाजीरावाचा मुलगा, पेशव्यांच्या घरात वाढलेला मुसलमान, भाऊचा नात्याने चुलतभाऊ: जखमी होऊन निसटला आणि भरतपूरकडे डीगला वारला. वंश पुढे बांद्याचे नवाब म्हणून चालला. दोन मुसलमान, मराठ्यांच्या बाजूने, आपल्याच धर्माच्या बादशहाविरुद्ध. एकाला पगार, एकाला रक्त. यांच्या मनात त्या दिवशी काय चालले असेल? 'जोधा अकबर'ने इतिहासाच्या रिकाम्या जागेत शिरून एका राजकन्येला मन दिले होते. तेच कसब इथे वापरले असते तर मराठी मुसलमान प्रेक्षकाला पडद्यावर प्रथमच आपला माणूस भेटला असता; उर्दूत 'जहाँपनाह' म्हणणारा नव्हे, भाऊसाहेबांच्या मराठी छावणीत वावरलेला. चित्रपट इब्राहीमखानाकडून निष्ठेची दोन-चार वाक्ये वदवून घेतो आणि पुढे जातो. शमशेर गर्दीत दिसतो.

२ ऑगस्ट २०२३ रोजी कर्जाच्या ओझ्याखाली दबलेल्या नितीन देसाईंनी आपल्या याच स्टुडिओत आयुष्य संपवले. बातम्यांमध्ये तेव्हा 'जोधा अकबर'चे सेट पुन्हा दाखवले गेले. प्रेमकथा म्हणून तो चित्रपट आजही पाहावा असा आहे, निदान लग्नाच्या अटींपासून भजनाच्या प्रसंगापर्यंतचा तास तरी. घरातल्या तरुण मुलामुलींना दाखवताना मी त्यांना एवढेच सांगतो की माहम अंगाचा मदरसा दिल्लीत आहे, 'रहीमी' जहाज सुरतेहून सुटायचे, आणि हे सगळे ज्या आग्र्यात घडते आहे तो आपल्या चौकच्या फाट्यावर आहे.